परक्याच्या ताब्यातल्या दिल्लीतून

(नंदुरबार येथे एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



९ सप्टेंबर १९४२ रोजी ज्या गावात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा या पाच कोवळ्या मुलांनी गोळ्या झेलल्या, त्या गावात परकी सत्ता म्हणजे काय हे व्याख्यान देऊन समजावण्याची गरज नाही. माणिक चौकातून रोज ये-जा करणाऱ्याला ते ठाऊक आहे. ते दिवस महायुद्धाचे होते. वर्तमानपत्रांवर सरकारी निर्बंध होते. अशा काळात एखाद्या गावात नेमके काय घडले, हे बाहेरच्या जगाला कोण सांगतो, कसे सांगतो आणि ऐकणारा त्याचे काय करतो, हा प्रश्न माझ्यासारख्या बातमीदारीत आयुष्य गेलेल्या माणसाला सोडत नाही.

संयोजकांचा आग्रह होता की मी पानिपतावर बोलावे. पानिपतावर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. भाऊसाहेबांनी हत्तीवरून उतरायला हवे होते की नको होते, यावर आपण अडीचशे वर्षे वाद घालत आहोत आणि अजून अडीचशे वर्षे घालू. मी त्यांना विनंती केली की मला तलवारीच्या माणसांऐवजी लेखणीच्या माणसांविषयी बोलू द्या. शत्रूने व्यापलेल्या राजधानीत किंवा तिच्या आसपास राहून शेकडो कोसांवरच्या आपल्या सरकारला वर्तमान कळवत राहिलेल्या मराठी वकिलांविषयी आज बोलायचे आहे. आजच्या भाषेत त्यांना राजदूतही म्हणावे लागेल आणि गुप्तवार्ताहरही. त्या काळी या दोन कामांत फरक करीत नसत.

आधी माझ्याच आयुष्यातला एक प्रसंग सांगतो. मी बातमीदार झालो तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, आपण धुळे जिल्ह्यात होतो. संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती बातम्यांचे पाकीट द्यायचे आणि धुळ्याला ते कोणीतरी उतरवून घ्यायचे, अशी आमची टपाल व्यवस्था. एका पावसाळ्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावर दरड कोसळल्याची खबर आली. रस्ता बंद होता. धडगावच्या स्टँडवर जे ऐकले ते मी लिहिले आणि मृतांचा आकडाही लिहिला. तो छापून आला. तीन दिवसांनी मी चालत त्या पाड्यावर गेलो, तेव्हा माझ्या आकड्यातली बहुतेक माणसे जिवंत होती. एक म्हातारा मला म्हणाला, “भाऊ, तू आम्हाला मारून टाकलेस, पण तांदूळ कोणी पाठवला नाही.” हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. त्या दिवसापासून ‘ऐकले’ आणि ‘पाहिले’ हे दोन शब्द मी वेगवेगळे लिहू लागलो. पुढे जुन्या वकिलांची पत्रे वाचताना लक्षात आले की हा भेद त्यांनी माझ्या आधी अडीचशे वर्षे पाळलेला आहे.

दिल्लीत मराठ्यांचा वकील कसा आला? १७१८-१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे फौजेसह दिल्लीला गेले आणि चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. त्यांच्याबरोबर नाशिकचे महादेवभट हिंगणे होते. ते पेशव्यांचे तीर्थोपाध्याय. ते दिल्लीच्या राजकारणात मुरले आणि पेशव्यांचे वकील झाले. त्यांच्या मागून बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव या त्यांच्या मुलांनी हे काम चालवले. तीर्थाच्या उपाध्यायाला राजकारणात घालणे आज विचित्र वाटेल. पण विचार करा : दूरदूरच्या यजमानांची नावे, नाती, देणीघेणी पोथीत नोंदवून ठेवण्याची ज्याच्या घराची सवय, तो माणूस दरबारात बसला तर काय नोंदवील! या घराण्याचा वाडा नाशिकजवळ निफाड तालुक्यात चांदोरीला होता आणि त्यांचे दप्तरही तिथलेच. म्हणजे दिल्लीच्या तख्तावर कोण बसणार याची खडान्खडा खबर ज्यांच्या घरात होती, ते आपल्या जवळच्या जिल्ह्यातले लोक.

त्यांची पद्धत पाहा. दरबारात रोजचा फारसी अखबार तयार होई, त्याच्या नकला मिळवायच्या. अमीर-उमरावांच्या कारकुनांशी संधान ठेवायचे. सावकारांच्या पेढ्यांवर बसायचे, कारण पैसा कोणत्या दिशेने वाहतो ते सावकाराला सरदाराआधी कळते. मग हे सारे मोडीत लिहून जासुदाच्या जोडीकडे द्यायचे. जासूद बहुधा जोडीने धावत. एक पडला, आजारी झाला, तर दुसरा पुढे जाई. महत्त्वाचे पत्र असेल तर त्याची दुसरी प्रत वेगळ्या वाटेने रवाना होई. दिल्लीहून माळव्यात, माळव्यातून नर्मदा ओलांडून सेंधव्याच्या घाटाने खाली खानदेशात किंवा असीरगड-बऱ्हाणपुराकडून, असा हा रस्ता. सेंधव्याचा घाट इथून फार लांब नाही. नंदुरबार स्वतः सुरत-बऱ्हाणपूर या मोठ्या व्यापारी रस्त्यावरचे ठाणे. तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या वाटेने गेला, तेव्हा त्याला आपल्या नवापूरच्या तांदळाचा कस्तुरीसारखा वास लक्षात राहिला. (नवापूरचे श्रोते हसत आहेत, त्यांचे अभिनंदन.) सांगायचे इतकेच की या वाटा बातमीच्या वाटा होत्या आणि आपण त्यांच्या काठावर राहतो.

आता १७३९ साल. इराणचा बादशहा नादिरशहा पंजाब तुडवीत आला. मोगल बादशहा महंमदशहा त्याला अडवायला कर्नाळपर्यंत गेला. बादशाही छावणीत मराठ्यांचे वकील बाबूराव मल्हार हजर होते. २४ फेब्रुवारीला काही तासांत मोगल फौजेची वाताहत झाली. बाबूरावांपुढे प्रश्न उभा राहिला : ज्या बादशहाच्या दरबारी आपण वकील आहोत तो अजून जिवंत आहे, पण आता त्याच्या डोक्यावर दुसरा बादशहा आहे. मग आपण नेमके कोणाच्या दरबारी आहोत? वकिलाला मारू नये हा सर्वांना मान्य असलेला रिवाज. पण तो रिवाज पाळायचा कोणी?

बाबूराव निसटले. आडवाटेने जयपूरच्या मुलखात पोहोचले आणि तिथून त्यांनी लिहिले. हे पत्र पुढे छापले गेले आहे. त्यात आधी जीव वाचल्याबद्दल देवाचे आभार आहेत, मग युद्धाची हकीकत, आणि मग एक निदान आहे : चकत्यांची पातशाही संपली, आता इराण्यांची सुरू झाली, तेव्हा सावध असावे. पळापळीनंतर, अंगावरची धूळही झटकली नसेल अशा अवस्थेत, या माणसाने एका साम्राज्याचा शेवट ओळखला. मोगल तख्त पुढे ११८ वर्षे नावाला टिकले हे खरे. पण सत्ता म्हणून ते कर्नाळलाच संपले.

नादिरशहा २० मार्चला दिल्लीत शिरला. दोनच दिवसांनी, २२ मार्चला, दिल्लीची कत्तल झाली. त्या कत्तलीचे निमित्त होते एक खोटी बातमी. नादिरशहा मारला गेला अशी अफवा शहरात पसरली. पहाडगंजच्या बाजूला धान्याच्या भावावरून इराणी शिपायांशी झगडा झाला होता, त्यात ही अफवा मिसळली आणि लोकांनी एकटेदुकटे शिपाई गाठून मारायला सुरुवात केली. सकाळी नादिरशहा स्वतः घोड्यावर बसून शहरात आला आणि त्याने तलवार उपसली. तीस हजार म्हणा, वीस हजार म्हणा. आकड्यांबाबत मतभेद आहेत आणि धडगावच्या स्टँडनंतर मी अशा आकड्यांच्या बाबतीत जपून असतो. मरणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, जवाहिरे होते, हमाल होते. परक्याच्या ताब्यातल्या शहरात अफवा किती महाग पडते याचे याहून भयंकर उदाहरण आपल्या इतिहासात मला दिसत नाही.

बाजीराव पेशवे तेव्हा खानदेशात होते. चिमाजी अप्पा मोठ्या फौजेसह वसईला गुंतलेले. उत्तरेकडून येणाऱ्या पत्रांत नाना तऱ्हेची वर्तमाने होती. नादिरशहा दक्षिणेकडे येणार, अजमेरच्या दर्ग्याला जाणार, जयसिंगांवर चालून येणार. बाजीरावांनी विचार केला तो असा की, दक्षिणेतल्या हिंदू-मुसलमान सर्वांनी मिळून या परक्याला चंबळेच्या अलीकडे येऊ द्यायचे नाही. पण हाताशी फौज होती कुठे? वसई पडेपर्यंत ती मोकळी होणार नव्हती. अशा वेळी शत्रू खरोखर निघाला आहे की नुसते बोलले जात आहे, हे ठरवण्यावर सगळे अवलंबून होते. उत्तरेकडच्या वकिलांनी अफवा कळवल्या तशा त्या तोलूनही कळवल्या. नादिरशहा म्हणजे काही परमेश्वर नव्हे, अशा धीराच्या अर्थाचे लिहिणारेही त्यांत होते. मे महिन्यात वसई पडली आणि त्याच महिन्यात नादिरशहा मयूरासन, कोहिनूर आणि अगणित लूट घेऊन परत फिरला.

आता १७५७. हा माझ्या भाषणाचा गाभा आहे आणि तो थोडा सविस्तर सांगणार आहे, कारण पानिपताच्या छायेत तो झाकला गेला आहे.

पाच वर्षांपूर्वी, १७५२ मध्ये, मराठ्यांनी दिल्लीच्या बादशहाशी करार केला होता. अब्दालीपासून आणि इतर शत्रूंपासून बादशाहीचे रक्षण मराठ्यांनी करायचे, त्याबद्दल ५० लाख रुपये आणि पंजाब वगैरे प्रांतांच्या चौथाईचे हक्क घ्यायचे. या करारानंतर दिल्लीतला मराठी वकील पूर्वीचा राहिला नाही. पूर्वी तो दुसऱ्याच्या घरातली बातमी पाठवत होता. आता ते घर राखण्याची जबाबदारी आपल्याच धन्याने कागदावर घेतली होती. त्याच्या प्रत्येक पत्राचा अर्थ बदलला. ‘अब्दाली येत आहे’ याचा अर्थ आता ‘तुम्ही कबूल केलेली फौज कुठे आहे’ असा होऊ लागला.

२८ जानेवारी १७५७ रोजी अहमदशहा अब्दाली दिल्लीत शिरला. बादशहा दुसरा आलमगीर, वजीर गाजीउद्दीन इमादुल्मुल्क. दोघांनीही शस्त्र उचलले नाही. नजीबखान रोहिला तर उघड अब्दालीला मिळाला. शहराभोवती मराठ्यांच्या बाजूने कोण होते? अंताजी माणकेश्वर, थोड्या हजारांच्या पथकासह. या माणसाने जानेवारीच्या मध्याला नरेलेजवळ अफगाणांच्या आघाडीला तोंड दिले, १ फेब्रुवारीला फरीदाबादजवळ पुन्हा दिले, पुष्कळ माणसे गमावली आणि मथुरेच्या बाजूला हटला. मोठ्या लढायांच्या यादीत या झुंजी कोणी मोजत नाही. पण बादशहा, वजीर आणि सारे उमराव हात बांधून उभे असताना दिल्लीसाठी तलवार उपसणारा तो एकटा होता आणि तो मराठी होता.

शहरात काय झाले? जुम्मा मशिदीत अब्दालीच्या नावाने खुतबा वाचला गेला. घराघरावर पट्टी बसवली गेली. उमरावांच्या हवेल्यांच्या जमिनी खणून पुरलेले धन काढले गेले. कोणाच्या घरात किती आहे हे सांगायला दरबारातलीच माणसे पुढे आली. ही सगळी वर्तमाने हिंगण्यांच्या, अंताजींच्या आणि इतरांच्या पत्रांतून दक्षिणेकडे जात राहिली. कोणाकडून किती पैसा काढला, कोणाला खिलत मिळाली, कोणाची मुलगी कोणाला दिली, कोणता सरदार कोणत्या दरवाज्यावर बसवला, धान्य काय भावाने मिळते, अशा नोंदी या पत्रांत येतात. वाचणाऱ्याला पहिल्यांदा हे किरकोळ वाटते. मलाही वाटले होते. पण यातच मर्म आहे. परका सेनापती कायमचा राहायला आला आहे की लुटून जाणार आहे, हे तो स्वतः सांगत नाही. तो ठाणी बसवतो आहे की नुसते उंट जमवतो आहे, यावरून ते कळते. महसुलाचे अंमलदार नेमतो आहे की घरे खणतो आहे, यावरून कळते. बादशहाच्या घराण्यातली मुलगी आपल्या मुलाला, तैमूरशहाला, करतो आहे आणि त्याला पंजाबात ठेवतो आहे, यावरून पुढच्या वर्षाचा रंग कळतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस अफगाण फौजा जाटांच्या मुलखात आणि व्रजभूमीत घुसल्या. होळीच्या तोंडावर मथुरेत जे घडले ते मी इथे मुलांसमोर तपशिलाने सांगणार नाही. यात्रेकरूंनी भरलेले, तटबंदी नसलेले तीर्थक्षेत्र होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. गोकुळात नागा साधूंनी शस्त्र धरून फौजेला थोपवले. शेवटी यमुनेच्या दूषित पाण्याने अफगाण छावणीत पटकी शिरली, माणसे पटापट मरू लागली, तेव्हा अब्दाली माघारी वळला.

आता कटू प्रश्न. बातमी वेळेवर पोहोचली होती का? पोहोचली होती. अब्दाली लाहोरला आला तेव्हापासून खबरा येत होत्या. राघोबादादा आणि मल्हारराव होळकर फौजेसह उत्तरेच्या मोहिमेवर निघालेही होते. पण मोहिमेला पैसा हवा, तो माळव्यातून आणि राजपुतान्यातून वसूल करत करत जायचे, म्हणून चाल मंद. दादासाहेबांच्या फौजा दिल्लीला भिडायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला, तोवर अब्दाली जाऊन चार महिने झाले होते. पुढच्या वर्षी, २० एप्रिल १७५८ ला, मराठे लाहोरात शिरले आणि पुढे अटकेपर्यंत गेले, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण मथुरेच्या होळीच्या दिवशी मराठ्यांची मोठी फौज तिथे नव्हती, हेही त्याच अभिमानाच्या पानावर लिहिले पाहिजे. ही चूक बातमीदाराच्या गळ्यात घालता येत नाही.

दूरच्या जगातले एक उदाहरण आठवते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमधून यान कार्स्की नावाचा तरुण १९४२ मध्ये गुप्तपणे बाहेर पडला. वॉर्साच्या बंदिस्त वस्तीत ज्यूंचे काय चालले आहे ते त्याने स्वतः आत शिरून पाहिले होते. त्याने ते लंडनला सांगितले, १९४३ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना समक्ष सांगितले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर, जे स्वतः ज्यू होते, त्याला म्हणाले की, तू खोटे बोलतोस असे मी म्हणत नाही, पण माझा विश्वास बसत नाही. त्याच पोलंडची सुमारे पाच हजार निर्वासित माणसे १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होती. वळिवड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्याला जे डोळ्यांसमोर दिसत होते, ते वॉशिंग्टनच्या न्यायमूर्तींच्या मनात शिरत नव्हते!

परत आपल्या वकिलांकडे येऊ. मी त्यांची आरती ओवाळायला उभा नाही. हिंगणे आणि अंताजी माणकेश्वर यांचे एकमेकांशी जमत नव्हते. हा त्याच्याविरुद्ध पुण्याला लिही, तो याच्याविरुद्ध. पैशाचा अपहार, हिशेबातली लबाडी, शत्रूशी संधान असे आरोप दोन्ही बाजूंनी होत. वकिलांना उत्तरेत जहागिरी होत्या, सावकारी होती. दिल्लीत कोण टिकतो यावर त्यांचे स्वतःचे उत्पन्न ठरत होते. पुण्यात बसलेल्या नानासाहेबांच्या हाती एकाच घटनेची दोन वर्तमाने पडत आणि दोन्ही लिहिणाऱ्यांचे हितसंबंध त्यात मिसळलेले असत. अशा वेळी खरे काय ते ठरवायला तिसरा डोळा लागतो. तो पेशव्यांकडे पुरेसा होता असे मला वाटत नाही. नानासाहेब हिशेबाचे मोठे पक्के होते, पण ते स्वतः त्या वर्षांत दिल्लीला गेले नाहीत. नकाशा माहीत असणे आणि वाट माहीत असणे या दोन गोष्टी आहेत.

मग १७६०. या वर्षाचे दुखणे वेगळे आहे. इथे पत्रेच थांबली.

पावसाळ्यात अब्दाली गंगेकाठी अनूपशहराला तळ देऊन होता. अयोध्येचा शुजाउद्दौला कोणाकडे जातो यावर दोन्ही बाजूंची झुंज चालली होती. मराठ्यांचे वकील बोलणी करत होते, पण नजीब स्वतः मेहंदीघाटावर जाऊन शुजाला भेटला आणि त्याला घेऊनच आला. एक बाजू पत्रे पाठवत होती, दुसरी बाजू स्वतः गेली. ऑगस्टच्या आरंभी भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतले. यमुनेला पूर होता, अब्दाली पलीकडे अडकला आहे अशी समजूत होती. २५ ऑक्टोबरला बागपताजवळ त्याने नदीत घोडे घातले. उतार सापडला होता आणि त्या उतारावर आपला पुरेसा पहारा नव्हता. भाऊसाहेबांना पक्की खबर लागली तेव्हा शत्रू अलीकडच्या काठावर होता आणि दिल्लीची वाट कापली गेली होती. पुढचे अडीच महिने पानिपतची छावणी म्हणजे मुकी छावणी. १७ डिसेंबरला गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेबरोबर बातमीचाही मोठा आधार तुटला. इकडे २७ डिसेंबरला नानासाहेब पेशवे पैठणला दुसरे लग्न करत होते. यावरून त्यांना पुष्कळ दोष दिला जातो. पण उत्तरेकडून पत्र येत नसताना माणूस ‘सर्व ठीक असेल’ असेच समजतो. ज्यांची मुले सीमेवर आहेत अशा घरांतल्या आईबापांना हे विचारून पाहा.

एक विलक्षण योग असा की शत्रूच्या छावणीत, शुजाउद्दौलाच्या पदरी, काशीराज नावाचे दक्षिणी पंडित होते. तहाची शेवटची बोलणी त्यांच्यामार्फत चालली. १४ जानेवारीच्या पहाटे भाऊसाहेबांची शेवटची चिठ्ठी त्यांच्याच हाती पडली, तोवर फौज बाहेर पडली होती. पुढे सुमारे १७८० मध्ये त्यांनी फारसीत पानिपताची हकीकत लिहिली. शत्रूच्या तंबूतून एका दक्षिणी माणसाने पाहिलेले पानिपत! अभ्यासकांना आजही ते टाळून पुढे जाता येत नाही.

आणि पेशव्यांना शेवटी कळले कसे? २४ जानेवारीला नानासाहेब भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, असताना दक्षिणेकडे चाललेला एका सावकाराचा जासूद पकडला गेला. त्याच्याजवळचे पत्र सराफी भाषेत होते. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गमावल्या, चांदी-तांब्याची तर गणतीच नाही, अशा आशयाचे. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार, आणि तांबे म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी माणसे. पानिपत ते भेलसा सातशे किलोमीटरहून अधिक अंतर, दिवस दहा. सावकाराची बातमी रोज सत्तर किलोमीटर धावली आणि दौलतीच्या धन्याला ती परक्याच्या लाखोट्यातून वाचावी लागली. मोठ्या दौलतीची हेरव्यवस्था गारठली असता बाजाराची हेरव्यवस्था चालू होती, हे मला सर्वांत बोचते.

ही सारी हकीकत आज आपल्याला माहीत आहे ती कशी? राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, त्यात १७५० ते १७६१ ची पत्रे आली. पारसनिसांनी ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ काढली. रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दप्तराचे ४५ भाग संपादित केले. चांदोरीचे हिंगणे दप्तर भारत इतिहास संशोधक मंडळाने ग. ह. खरे यांच्या संपादनाखाली १९४० नंतर प्रसिद्ध केले. यात सर्वांत किचकट काम कोणते, तर तारखांचे. या पत्रांवर मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, ‘छ’ लिहून आकडा असतो, आणि साल बहुधा नसतेच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊक होते, मग लिहायचे कशाला? पत्रातली एखादी लढाई, एखादा मृत्यू, एखादे ग्रहण यांवरून साल ठरवायचे. एका चुकीच्या सालाने एखादा वकील १७५७ च्या दिल्लीतून उचलला जाऊन १७६० च्या दिल्लीत पडतो. बंगालचे जदुनाथ सरकार या पत्रांसाठी मराठी शिकले आणि मोगल साम्राज्याच्या पतनावरचा आपला चार खंडांचा ग्रंथ त्यांनी फारसी साधनांइतकाच या मोडी कागदांच्या आधाराने उभा केला.

या पत्रांत जासुदांची नावे क्वचितच सापडतात. अजुरा किती दिला, जोडी कधी निघाली, कधी पोहोचली, एवढे असते. दिल्लीची बातमी पाठीवर घेऊन चंबळ, नर्मदा आणि तापी ओलांडणारा तो माणूस कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, ते कागद सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यात शहादा, तळोदा, प्रकाशा या बाजूच्या जुन्या घरांत माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी असल्याचे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. ऐकले आहे म्हणतो, पाहिले म्हणत नाही. पाहिली ती तीनच. त्यातल्या एकात शेतीच्या वाटण्या, दुसऱ्यात लग्नाचा खर्च आणि तिसऱ्याला वाळवी लागली होती. कोणाच्या घरी असे काही असेल तर ते उन्हात घालू नका, लॅमिनेशन करू नका, आणि रद्दीत तर नकोच. सुती कापडात सैल बांधा आणि मला किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला कळवा. हिंगण्यांच्या काळातल्या मोडी पत्राच्या दोन छायाप्रती मी इथे टेबलावर ठेवल्या आहेत. पहिल्या ओळीतला ‘छ’ कुठे आहे तो आधी शोधा, म्हणजे पुढचे वाचणे सोपे जाईल. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी पुढे यावे, मी अर्धा तास थांबणार आहे.